मशीन लर्निंग: नोकरी की संशोधन?

नमस्कार मंडळी, इंदूरहून! "दादा, मशीन लर्निंगमध्ये नोकरी धरू की पीएचडी करू?" असं विचारणारा बहुधा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असतो, आणि घरी आई-बाबा उत्तराची वाट बघत असतात.

मी उलट विचारतो: मागच्या वेळी मॉडेल, म्हणजे जुन्या डेटावरून शिकून अंदाज बांधणारा प्रोग्राम, चुकलं, तेव्हा काहीतरी करून ते चालतं केलंस, की का चुकलं याच्या मागे आठवडा घातलास?

आता आपल्या गावचंच उदाहरण घ्या. समजा, शेव-फरसाणाच्या कारखान्याला दिवाळीआधी कुठल्या दुकानात किती माल लागेल, याचा अंदाज हवाय. मॉडेल दोन दिवसांत उभं राहील. पण बिलांत एकाच दुकानाचं नाव तीन तऱ्हेनं लिहिलेलं. परत आलेल्या मालाची नोंदच नाही. शिवाय दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. मागच्या वर्षीची तारीख धरली की सगळं फसलं. महिने जातात ते यात. या कामाला लोक दुय्यम समजतात, ते मला अजिबात पटत नाही. गूगलच्याच इंजिनिअरांनी 2015 साली लिहून ठेवलंय, की चालत्या सिस्टिममध्ये मशीन लर्निंगचा कोड हा अगदी छोटा भाग असतो. बाकीचं सांभाळणारी माणसं बँकेला लागतात, हॉस्पिटलला लागतात, कारखान्यालाही लागतात. म्हणून नोकऱ्या इकडे जास्त.

संशोधकाला शेवेचा हिशोब नको असतो. सणाची तारीख सरकली की ही पद्धत का कोलमडते, आणि अशा कुठल्याही डेटावर टिकेल अशी नवी पद्धत कोणती, हे त्याला शोधायचं असतं. त्यासाठी लिनिअर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी पक्की हवी, पीएचडीची चार-पाच वर्षं हवीत, आणि नकार पचवायची ताकद हवी. मशीन लर्निंगच्या न्यूरिप्स या मोठ्या परिषदेत 2023 साली संशोधनाचे 12,343 पेपर आले, घेतले 3,218. चारातले जवळजवळ तीन परत! कंपन्यांमध्ये संशोधनाच्या जागा मोजक्या, आणि तिथे बहुतेक वेळा पीएचडी मागतातच. त्यासाठी गाव सोडायलाच हवं असं मात्र नाही, इंदूरजवळ सिमरोलला आयआयटी आहे.

सहा महिन्यांत 'एआय सायंटिस्ट' करून देतो म्हणणाऱ्यांना कृपा करून फी भरू नका.

अजून ठरत नसेल तर 2017 चा ट्रान्सफॉर्मरचा पेपर (चॅटजीपीटीसारखी मॉडेल्स ज्या रचनेवर उभी आहेत ती) घ्या आणि तो स्वतः कोडमध्ये उतरवून बघा. मग ओळखीच्या एखाद्या दुकानाची वर्षभराची बिलं मागून आणा आणि त्यावरून अंदाज बांधून बघा. पहिल्यात जास्त रमलात तर संशोधन, दुसऱ्यात रमलात तर नोकरी. पुढच्या व्हिडिओत मी अशीच बिलं घेऊन बसणार आहे, सुरुवात त्या तीन तऱ्हेच्या नावांपासून.