आयर्विनला किती?

[दृश्य : मॉनिटर. संपूर्ण चौकट निळी.]

हा निळा रंग पुलाखाली थांबायला हवा होता. तो कमानींतून वर चढला, कठडा ओलांडून गेला आणि आकाशात पसरला. आता स्क्रीनवर नदीही नाही आणि पूलही नाही.

सांगलीच्या विश्रामबागमधली ही एक संगणक प्रयोगशाळा. डिप्लोमाची मुलं सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत चित्रं काढायला शिकताहेत. कुणी झोपडी काढतंय, कुणी चालती मोटार. या मुलीनं आयर्विन पूल घेतला.

[दृश्य : आयर्विन पूल, कमानी, खाली कृष्णा.]

1929 सालचा हा पूल. कृष्णेला पाणी आलं की सांगलीत घरोघरी एकच विचारतात, आयर्विनला किती? 40 फुटांवर इशारा, 45 वर धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्याही पुढे गेलं होतं. आकडा टाइप केला की पुलाखालचं पाणी तेवढं चढलेलं दिसावं, एवढंच तिला हवं होतं.

[दृश्य : काळी स्क्रीन, वर एक पांढरी ओळ.]

पहिल्यांदा प्रोग्राम रन केल्यावर हे आलं : बीजीआय एरर, ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड. म्हणजे चित्र काढायची व्यवस्थाच सुरू झाली नव्हती.

"सर, आऊटपुटच येईना."

"काय म्हणतंय ते वाचलंस का?"

"एरर आलीय की."

"कसली?"

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. एरवी अशा वेळी शेजारच्या मशीनवरची चालणारी फाईल पेनड्राइव्हवर घालून आणली जाते. चित्र दिसतं, तास संपतो, आणि आधी ते का दिसत नव्हतं हे शिकायचं राहूनच जातं. याला मदत म्हणता येणार नाही.

सरांनी फाईल दिली नाही, दोन ओळी वाढवायला सांगितल्या. इनिटग्राफ हे ग्राफिक्स सुरू करणारं फंक्शन. ते झाल्या झाल्या ग्राफरिझल्ट, म्हणजे ते जमलं की नाही हे सांगणारा आकडा, किती आहे ते बघायचं. शून्य नसेल, तर त्या आकड्याचा अर्थ ग्राफएररएमएसजीकडून छापून घ्यायचा. उत्तर आलं, उणे 3. म्हणजे ड्रायव्हरची, स्क्रीनवर चित्र उमटवून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, फाईल सापडत नाही.

फाईल तर जागेवर होती. मग तिचा पत्ता तपासला.

[दृश्य : कोडची एक ओळ, जवळून.]

ही ओळ नीट बघा. पत्त्यात टर्बोसी आणि बीजीआय या दोन्ही फोल्डरांची नावं लहान अक्षरांत आहेत, आणि प्रत्येकाच्या आधी एकच उलटी तिरकी रेघ. सी भाषेत अवतरणातली ही रेघ पुढच्या अक्षराचा अर्थच बदलते. रेघेनंतर लहान टी आला की त्याचा टॅब होतो, लहान बी आला की बॅकस्पेस. दोन्ही नावांचं पहिलंच अक्षर असं गेलं. प्रत्येक रेघ दोनदा लिहिली आणि स्क्रीन ग्राफिक्समध्ये गेली.

मुलं ज्यात कोड लिहितात, ते टर्बो सी प्लस प्लस बोरलँड कंपनीनं 1990 साली आणलेलं. आजच्या 64 बिटांच्या विंडोजवर ते थेट चालत नाही, म्हणून इथे ते डॉसबॉक्स या, जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या आत उघडतात. आडवे 640 ठिपके, उभे 480, आणि रंग 16. पूल बसवायचा तो एवढ्यात.

[दृश्य : पुलाशेजारची पट्टी. 45 चा आकडा 40 च्या खाली.]

"सर, धोक्याची रेघ इशाऱ्याच्या खाली गेली बघा!"

तिनं एका फुटाला पाच ठिपके धरले होते. 40 फूट म्हणजे 200 वी ओळ, 45 फूट म्हणजे 225 वी. हिशेबात चूक नाही. पण स्क्रीनवर मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होते आणि आकडा वाढला की ठिपका खाली सरकतो. म्हणून नदीचा तळ 400 व्या ओळीवर धरायचा आणि पाण्याची उंची त्यातून वजा करायची. 40 फूट पुन्हा 200 वरच राहिले, 45 आले 175 वर. रेघ वर गेली.

मग तिला वाटलं, कमानीही उलट्या करायला हव्यात.

[दृश्य : कमानी खाली वळलेल्या.]

कमानींच्या वाट्या झाल्या. आर्क या फंक्शनचे कोन शाळेतल्या भूमितीसारखेच मोजले जातात. शून्य अंश उजवीकडे, 90 अंश वर. 0 ते 180 ही कमान मुळात बरोबरच होती. स्क्रीनची उभी मोजणी उलटी असली तरी कोनांची नाही. हे सांगून पटकन डोक्यात बसत नाही, एकदा असं समोर दिसावं लागतं.

आता तो निळा रंग.

[दृश्य : रंग हळूहळू भरत जातो, खांबांवरून पुढे.]

बंद जागेत रंग भरणाऱ्या फ्लडफिल या फंक्शनला आपण एक बिंदू देतो आणि सीमेचा एक रंग देतो. तो त्याच एका रंगापाशी थांबतो. सीमा सांगितली होती पांढरी आणि खांब होते तपकिरी, म्हणून खांबांना तो अडलाच नाही. त्यातून कमानीचं टोक आणि काठाची रेघ यांच्यात एका ठिपक्याची फट राहिली होती. तिथून तो वर निघाला. तिनं आधी सगळी बाह्यरेषा पांढऱ्या रंगात जोडून घेतली, पाणी भरलं, आणि दगडांचा रंग शेवटी वरून दिला.

[दृश्य : पाणी चढताना स्क्रीन लुकलुकते.]

शेवटचं दुखणं हे. दर फुटाला सगळी स्क्रीन पुसून चित्र नव्यानं काढलं, तर मधली रिकामी चौकट डोळ्याला दिसते. मेमरीत अख्ख्या स्क्रीनची दोन पानं ठेवून एकावर चित्र काढायचं आणि दुसरं दाखवायचं, हा एक मार्ग आहे. पण 640 बाय 480 ला पान एकच मिळतं. दोन हवी असतील तर उंची 350 वर आणावी लागते, आणि मग 400 व्या ओळीवरचा तळ स्क्रीनबाहेर जातो. तिनं दुसरा उपाय काढला. पाणी फक्त चढणार आहे, मग पुसायचं कशाला? जुन्या पातळीच्या वर नवी निळी पट्टी, आणि पट्टीत आलेला पुलाचा भाग पुन्हा वरून. लुकलुक जवळजवळ गेली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

[दृश्य : 40, 45, 57. पाणी चढत जातं.]

ग्राफरिझल्टच्या त्या दोन ओळी तिच्या पुढच्या प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीला आहेत. प्रात्यक्षिकाच्या वहीत चढणारं पाणी लावता येत नाही, म्हणून 57 फुटांची एक प्रिंट चिकटवली. वहीवर सही झाली.