मानेतली खुंटी

दृश्य: पारोळ्याकडचं कपाशीचं शिवार. डोक्यावर गाठोडी घेऊन बांधावरून येणाऱ्या बाया.

निवेदन:
बोटं वाकडी झाली, वात. हातातून तांब्या सुटला, तरी वातच. पण रुमेटॉइड संधिवाताला दहा-पंधरा वर्षं झाली असतील, तर तांब्या सुटल्यावर बोटांबरोबर मानही तपासायला हवी.

मानेचा पहिला मणका म्हणजे एक कडं. दुसऱ्या मणक्याची खुंटी त्यात खालून शिरलेली. जात्याचा वरचा दगड खिळ्याभोवती फिरतो, तशी मान या खुंटीभोवती फिरते. खुंटीला जागेवर धरतो एक आडवा अस्थिबंध. या संधिवातात गुडघ्यासारखंच इथलंही सांध्याचं अस्तर सुजतं, हाड कुरतडतं, अस्थिबंध सैल पडतो. मग मान झुकवली की कडं पुढे सरकतं आणि मागचा मज्जारज्जू दाबला जातो.

खाली पाहताच पाठीतून विजेसारखी चमक जाते. दोन्ही हातांना मुंग्या येतात, ब्लाउजचे हूक लागत नाहीत. पायातली चप्पल निसटते आणि कळतही नाही. फक्त अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येऊन हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर बहुधा मनगटातली नस दबलेली असते. तिचा इलाज वेगळा. चाल अडखळू लागली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी जळगाव किंवा धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा.

दृश्य: एक्स-रे कक्ष.

चूक इथेच होते. मान सरळ ठेवून काढलेल्या फिल्ममध्ये बिघाड लपतो. बाजूने दोन फिल्म लागतात: एक मान पुढे झुकवून, एक मागे नेऊन. मान रुग्णानेच वाकवायची, कुणी दाबायची नाही. मोठ्या माणसात खुंटीपुढची फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर जोड सैल. खुंटीमागची जागा १४ मिलिमीटरहून कमी असेल, तर मज्जारज्जूला धोका. मज्जारज्जू दबल्याची लक्षणं असतील, तर आधी एमआरआय.

कॉलरने हा जोड बसत नाही. गरज पडल्यास दोन्ही मणके स्क्रूने जोडतात. तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयात असलेले मेंदू-मणक्याचे सर्जन डॉ. अतुल गोयल यांची ही पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. इलाज होईपर्यंत डोक्यावर गाठोडं नको, आणि न्हाव्याकडून मान मोडून घेणं तर मुळीच नको.

गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना भूल देणाऱ्या डॉक्टरांना संधिवात किती वर्षांचा ते आधीच सांगा. श्वासाची नळी घालताना ते मान मागे कलवतात.