कौलावरचा अँटेना

कोल्हापुरात शिवाजी पेठेतनं चालताना जरा वर बघा, एखाद्या जुन्या कौलावर अजून ॲल्युमिनियमचा सांगाडा दिसतोय, एका आडव्या पाइपला ओळीनं कांड्या आणि वर बसलेला कावळा. रविवारी टीव्हीवर पिक्चर लागायच्या आधी कुणीतरी वर चढायचं आणि ओरडायचं, "आलं काय?", खालनं उत्तर, "न्हाई, मुंग्याच हायत, अजून जरा डावीकडं!"

हा यागी-उडा अँटेना, 1926 साली जपानात सेंडाईच्या विद्यापीठात उडा आणि यागी या दोघांनी जगासमोर आणलेला. यात वायर जोडलेली कांडी एकच असते, बाकीच्या नुसत्याच, पण खरी कमाल त्यांचीच आहे बघा. ती एकटी कांडी लावली तर पुढनं आणि मागनं सारखंच पकडते, कागदावर काढलं तर इंग्रजी आठचा आकडा. तिच्यामागं थोडी लांब कांडी लावली आणि पुढं थोड्या आखूड लावल्या की मागचा फुगा दबतो, पुढचा लांब होतो.

आणि मागचं दाबणं लै महत्त्वाचं, कारण तोच सिग्नल डोंगरावर नाहीतर उंच बिल्डिंगवर आपटूनही घरात यायचा, 3 किलोमीटर जास्त फिरून आला तर 10 मायक्रोसेकंद उशिरा, आता पडद्यावरची एक ओळ 52 मायक्रोसेकंदात उमटायची, म्हणजे बातम्या देणाऱ्या बाईंच्या उजव्या बाजूला पडद्याच्या पाचव्या हिश्श्यावर दुसऱ्या फिकट बाई दिसायच्या! वर चढलेला माणूस सिग्नल शोधायचा तेवढंच ह्या दुसऱ्या बाईंना घालवायचा पण.

लॉग पिरियॉडिक म्हणून एक प्रकार आहे, कांड्या एका टोकाकडं लहान लहान होत जातात, बरेच चॅनेल एकाच अँटेनावर धरतो, पण तेवढ्याच लांबीच्या यागीइतका ताकदीचा नाही.

आता सगळीकडं छत्र्या. 60 सेंटिमीटरची डिश जेमतेम 3 अंशातलं बघते, म्हणून डीडी फ्री डिशच्या सगळ्या छत्र्या कोल्हापुरात आग्नेयेकडं तोंड करून, 93.5 अंश पूर्वेच्या उपग्रहाकडं. यागी थोडा हलला तरी चित्र यायचं, मुंग्यांसकट, डिश तेवढी हलली की सगळंच गायब.

कौलावरचा तो सांगाडा वाऱ्यानं फिरला नसंल तर एक करून बघा, आखूड कांड्या कुठल्या बाजूला आहेत ते बघा, टॉवर तिकडंच होता.