टिट्टा रुफो : लाखेतला आवाज

(दृश्य : ग्रामोफोनची चावी फिरवणारा हात. सुई तबकडीवर टेकते. खरखर.)

ही खरखर आम्ही मुद्दाम काढलेली नाही. तिच्यामागे 1914 सालचा जानेवारी महिना आहे आणि व्हिक्टर या अमेरिकी तबकडी-कंपनीच्या कर्ण्यासमोर उभी असलेली दोन माणसं आहेत. गाणं इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ‘ओथेल्लो’ या ऑपेरातलं, सूडाच्या शपथेचं. आधी ऐकू येतो तो एन्रिको कारुसो. ऑपेराशी ज्यांचा काही संबंध नाही, त्यांनीही हे नाव कधीतरी ऐकलेलं असतं. आता दुसरा आवाज ऐका.

(निवेदन थांबते. रुफोचा प्रवेश. दहा सेकंद फक्त फिरणारी तबकडी.)

हा टिट्टा रुफो. बॅरिटोन. टेनर वरच्या पट्टीतला, बेस खर्जातला आणि बॅरिटोन या दोघांच्या मधला. ऑपेरात प्रेमिकाचं काम बहुधा टेनरकडे जातं. बॅरिटोनच्या वाट्याला येतात बाप, राजे, कारस्थानी माणसं. ‘ओथेल्लो’तला कारस्थानी इयागो त्याचाच, व्हेर्दीच्याच ‘रिगोलेत्तो’तला कुबडा विदूषकही त्याचाच.

(दृश्य : लाल चकतीचा क्लोजअप. कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा. मग तबकडी उलटी होते. मागची बाजू कोरी.)

मागे काहीच नाही. 1923 पर्यंत व्हिक्टरच्या लाल चकतीच्या तबकड्यांना एकच बाजू असे. एका तबकडीत एकच गाणं, तेही चार-साडेचार मिनिटांत बसवायचं. चकतीवरचा कुत्रा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. रुफोच्या नावातही एक कुत्रा आहे. शिकारीत गमावलेल्या लाडक्या कुत्र्याचं नाव वडिलांनी मुलाला ठेवलं : रुफो. आईला ते पटेना, ती त्याला काफिएरो म्हणायची. टिट्टा हे आडनाव. रंगभूमीवर त्याने दोन्हींची अदलाबदल केली.

(दृश्य : लोहाराची भट्टी. भाता. लाल झालेलं लोखंड. ऐरणीवर घण.)

जन्म पिसाचा, 9 जून 1877. वडील लोहकाम करणारे. कुटुंब रोमला आलं आणि मुलगा शाळेऐवजी वडिलांच्या भट्टीवर उभा राहिला. संगीत शिकत होता तो त्याचा भाऊ, एत्तोरे. एका रात्री एत्तोरे बासरीवर एक धून वाजवत होता, रुफो तिच्याबरोबर गायला लागला, आणि घरादाराला कळलं की याच्या गळ्यात काय आहे. सांता चेचिलियाच्या संगीतविद्यालयात तो फार टिकला नाही. 1898 साली रोमच्या तेआत्रो कोस्तान्झी या नाट्यगृहात ‘लोहेन्ग्रिन’ ऑपेरामधल्या भालदाराच्या छोट्या कामाने सुरुवात झाली.

(दृश्य : ध्वनिमुद्रणाच्या खोलीचं जुनं छायाचित्र. भिंतीतून बाहेर आलेला कर्णा.)

या छायाचित्रापाशी जरा थांबूया. मायक्रोफोन शोधून सापडणार नाही, कारण ध्वनिमुद्रणात तो आला 1925 साली. त्याआधी गायक थेट कर्ण्यात गायचा. आवाजाने कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरायचा आणि पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या जाड चकतीवर रेघ कोरत जायची. वीज नाही, आवाज वाढवण्याची सोय नाही. वादक दाटीवाटीने बसायचे. साध्या व्हायोलिनचा आवाज पोचत नसे म्हणून धातूचा कर्णा बसवलेली व्हायोलिनं आणायचे, डबल बासच्या जागी ट्यूबा. वरचा जोरकस सूर आला की गायकाने मागे सरकायचं, नाजूक जागेला पुढे व्हायचं. काही ठिकाणी यंत्रज्ञच गायकाचे खांदे धरून त्याला मागेपुढे करत. एवढं करूनही साधारण 2000 हर्ट्झच्या वरचे नाद मेणावर जेमतेम उमटत. म्हणजे रुफोच्या आवाजाचा एक तुकडाच आपल्यापर्यंत आला आहे. त्या तुकड्यात एवढं आहे!

(दृश्य : तबकडी प्रकाशासमोर तिरकी धरलेली. रेघा.)

मेणावरून धातूचा साचा निघायचा आणि त्यावरून ही लाखेची तबकडी. तीच लाख, कुसुम आणि पळसाच्या फांद्यांवरची. जगाला ती मुख्यतः भारतातून जायची, त्यातली बरीचशी छोटा नागपूरच्या जंगलांतून. त्यात दगडाची पूड आणि काजळी. हातातून निसटली की संपलं.

(दृश्य : टेबलावर पेटी, शेजारी ग्रामोफोन. कागदाचा कपटा तबकडीखाली सरकवणारी बोटं.)

हा संग्रह एका निवृत्त शिक्षकांचा. पहिल्याच दिवशी ते आम्हाला म्हणाले, “अठ्ठ्याहत्तरवर लावू नका.” या तबकड्यांना आपण ‘सेव्हन्टीएट’ म्हणतो खरं, पण त्या काळी वेग पक्का ठरलेला नव्हता. कुठली 76 ला कोरलेली, कुठली 73-74 ला. चौऱ्याहत्तरच्या आसपास कोरलेली तबकडी 78 वर लावली, तर गाणं जवळपास एक पट्टी वर चढतं. बॅरिटोनचं यात सगळ्यात जास्त नुकसान. छाती जाते, आवाज कोवळा होतो, ऐकणारा म्हणतो, “एवढं काय आहे यात?”

म्हणून ही पेटी. रोस्सिनीच्या ‘सेविलचा न्हावी’ या ऑपेरामधलं फिगारोचं गाणं मूळ स्वरलिपीत सी मेजरमध्ये आहे, आपल्या भाषेत पांढरी एक. सर पांढरी एक दाबून धरतात. तबकडी जरा वर बोलते. वेगाचा काटा केसभर मागे. पुन्हा. सूर जुळले की घड्याळ लावून कपट्याचे मिनिटातले फेरे मोजायचे आणि तो आकडा पेन्सिलीने पाकिटावर लिहायचा. प्रत्येक तबकडीसाठी हे सगळं.

(आवाज : आधी चढा, मग जुळलेला. निवेदन नाही.)

(दृश्य : पाकिटांची रांग.)

1907, मिलान : फ्रेंच संगीतकार तोमाच्या ‘हॅम्लेट’ ऑपेरामधलं मद्यगीत आणि त्यातली ती लांबच लांब तान. 1912 पासून व्हिक्टरच्या तबकड्या. रंगमंच : बुएनोस आयरिस, फिलाडेल्फिया, 1922 साली न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा. 1924 मध्ये त्याच्या बहिणीचे पती, समाजवादी खासदार जाकोमो मात्तेओत्ती यांचा फॅसिस्टांनी खून केला. पुढे फॅसिस्ट इटलीत गायला त्याने नकार दिला. 1937 मध्ये रोमला अटक, पासपोर्ट जप्त. मृत्यू फ्लॉरेन्समध्ये, 5 जुलै 1953.

(दृश्य : पुन्हा टेबल. कोऱ्या पाकिटावरची धूळ फुंकली जाते.)

‘रिगोलेत्तो’च्या या पाकिटावर अजून आकडा नाही. सरांनी चावी भरली आहे, पेटीचा भाता सुटला आहे.

(सुई टेकते.)