दूध कट्ट्यावर वाचलेली कादंबरी

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या चार-पाच महिन्यांत ज्या कादंबऱ्या वाचून झाल्या, त्यांच्याबद्दल आज बोलायचंय. इतिहासाची, विज्ञानाची, प्रेमाची, गावाकडची, अशा सगळ्या तऱ्हेच्या वाचल्या. पुस्तकं बहुतेक आपल्या कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरातून आणलेली. १८५० सालची ही संस्था, आणि अजूनही तिथं कपाटासमोर उभं राहिलं की घरी जायचं भान राहत नाही. एक विनंती मात्र करते. वाचनालयाच्या पुस्तकाचा कोपरा दुमडू नका. बसचं तिकीट ठेवा, सुताचा तुकडा ठेवा, पण पान दुमडू नका. ते पान पुढं पन्नास जणांना वाचायचं असतं.

कुठलीही कादंबरी हातात घेतली की मी एकच गोष्ट बघते. त्यातल्या माणसाचं काम खरं आहे का? तो शेतकरी असेल तर त्याला शेत कळतं का, सैनिक असेल तर तो पोटाला काय खातो, हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे का? काम खरं असलं की माणूस खरा वाटतो.

विश्वास पाटलांची ‘पानिपत’ परत वाचली. १९८८ सालची कादंबरी. लेखक आपल्याच जिल्ह्यातले, शाहूवाडीकडचे. १४ जानेवारी १७६१ ची लढाई आपण शाळेत शिकलो, पण मला जास्त धरून ठेवतात ते त्याआधीचे अडीच महिने. दिल्लीची वाट तुटलेली, रसद बंद, सैन्याबरोबर यात्रेकरू, बायका-पोरं, आणि धान्य रोज थोडं थोडं संपत चाललेलं. अचानक चार पाहुणे आले तर आपण आधी डब्यात हात घालून पीठ बघतो की नाही? तसं मी ती पानं वाचताना मनात पीठच मोजत होते. इतिहासाच्या कादंबरीवर बोलताना लोक तलवारीवर फार बोलतात आणि चुलीवर बोलतच नाहीत, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही विज्ञान कादंबरी. नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगा. खोल जमिनीत एका हरवलेल्या संस्कृतीचा ठेवा सापडतो आणि त्यातून विचार करणारं यंत्र उभं राहतं, अशी गोष्ट. मला विज्ञान बेताचंच कळतं, तरी पुस्तक हातातून सुटलं नाही, कारण शास्त्रज्ञ आपसांत कसे बोलतात, कशावर अडतात, हे तिथं आतून आलंय.

एक अगदी नवी प्रेमकथाही वाचली. नाव घेत नाही. नायिका नोकरी करते म्हणे, पण तीनशे पानांत ती एकदाही कामाला बसत नाही. मी दीडशे पानांवर थांबले.

आणि मग आली ‘रिंगाण’.

कृष्णात खोत यांची ही कादंबरी. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. लेखक पन्हाळा तालुक्यातल्या निकमवाडीचे. धरणासाठी गाव उठलं, माणसं दुसरीकडं वसली, आणि एक म्हैस मागंच राहिली. ती आणायला माणूस परत जातो, पण म्हैस आता माणसाळलेली राहिलेली नाही. एवढ्या धाग्यावर सगळी कादंबरी उभी आहे.

वाचताना मी एका ठिकाणी अडले. दाव्याला वाढलेलं जनावर इतकं रानटी होईल? मालकाला ओळखणार नाही? मी शिक्षकी पेशातली, गोठ्यातली नव्हे. मग ज्याला ठाऊक आहे त्यालाच विचारावं म्हटलं आणि पुस्तक पिशवीत घालून संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेले.

तुम्हाला कट्टा माहीत आहेच. म्हशी रांगेनं उभ्या, बाजूनं मोटारसायकली जातायत, आणि आपल्या डोळ्यांदेखत धार काढून फेसासकट पेला हातात येतो. मी जिथं दूध घेते ते गवळीमामा नदीकाठच्या गावचे, साठीचे. म्हशीच्या कासेवर पाण्याचा हात फिरवत होते. मी विचारलं, “मामा, म्हैस मालकाला विसरते का हो?”

हात थांबला नाही. म्हणाले, “म्हस इसरत न्हाई बाई. पर भ्याली, की मालकाला बी वळखत न्हाई.”

मी त्यांना कादंबरीची गोष्ट थोडक्यात सांगितली. तेव्हा त्यांनी कासंडी खाली ठेवली. ठेवली, आणि बराच वेळ उचललीच नाही. पेला घेऊन उभी असलेली माणसं थांबून राहिली.

२०१९ च्या ऑगस्टचा महापूर. रात्री पाणी गोठ्यात शिरलं तेव्हा मामांनी आणि त्यांच्या मुलानं विळ्यानं दावी कापली. पाच म्हशी अंधारात सोडून दिल्या. खुंट्याला ठेवल्या असत्या तर जागीच बुडाल्या असत्या. पाणी ओसरल्यावर चार म्हशी वरच्या अंगाला, टेकाडावर सापडल्या. पाचवी नाही. अकराव्या दिवशी कुणी सांगितलं, उसाच्या कडेला एक म्हैस दिसती, जवळ जाऊ देत नाही.

“गेलो,” मामा म्हणाले. “माझीच हुती. कानाची खूण माझी. हाक मारली तर फुरफुरली नि उसात घुसली. तिच्या डोळ्यात मी न्हवतोच, बाई.”

मुलगा दोर घेऊन आला होता, त्याला मामांनी परत पाठवलं. दोर बघितला तर ती गेलीच, म्हणाले. घरून रिकामी कासंडी आणली, बांधावर बसले आणि बोटांनी वाजवत राहिले. धारेच्या वेळेला रोज तिच्या कानावर पडणारा पितळेचा तो आवाज. पहिल्या सांजेला आली नाही. दुसऱ्या सांजेला उसातून नुसतं तोंड बाहेर आलं. तिसऱ्या सांजेला येऊन तिनं कासंडीत तोंड घातलं.

“आणि दूध?” माझ्या मागं उभ्या असलेल्या कॉलेजातल्या मुलानं विचारलं.

“आटलं ते आटलं. पान्हाच नाही. पुढल्या वेताला मग दिलं.”

हे सांगताना त्यांची दोन बोटं कासंडीच्या काठावर वाजत होती. त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं. टक, टक, टक. शेजारच्या म्हशीनं मान वळवून बघितलं, हे मी स्वतः पाहिलंय.

मग मामा म्हणाले, “त्या बुकातल्या माणसाची म्हस आली का?” मी तोंड उघडणार तोच म्हणाले, “न्हाई, सांगू नका. वाचून दावा.”

तिथून सुरुवात झाली. मामांना अक्षरओळख बेताची. रोज धारा संपल्या की दगडी पायरीवर बसून मी तीन-चार पानं मोठ्यानं वाचायची. आधी आम्ही दोघंच होतो, मग त्यांचा मुलगा आला, मग तो कॉलेजचा मुलगा, मग दुधाला येणाऱ्या दोन-तीन बायका पिशव्या मांडीवर घेऊन बसायला लागल्या. चौथ्या दिवशी मामा मध्येच म्हणाले, “ह्यो लिवणारा म्हशीसंगं राहिलाय.” मी लेखकाचा तालुका सांगितला. “मग बरूबर. पन्हाळ्याच्या डोंगरातली म्हस निराळीच.” पुरस्कार समितीचा शब्द मोठा असेल, पण मला मामांचं ते वाक्य त्याहून मोलाचं वाटतं. काम खरं आहे का, हे ते काम करणाऱ्यालाच विचारावं.

आता शेवट काय झाला ते तुम्हीही विचारू नका. शेवटचं पान वाचलं त्या दिवशी मामा काही बोलले नाहीत. पेला विसळून पालथा घातला, म्हशीच्या मानेवरून हात फिरवला आणि तिला सोडून घराकडं चालायला लागले.

आणखी एक गोष्ट या वाचनात मला कळली, ती सांगते. बोलीतली पुस्तकं कळत नाहीत, अवघड जातात, असं पुष्कळ जण म्हणतात. मीही एके काळी म्हणायचे. कागलच्या आनंद यादवांची ‘गोतावळा’, १९७१ सालची, मी तरुणपणी दोनदा अर्ध्यावर सोडली होती. यंदा मोठ्यानं वाचली आणि भाषा आपोआप उलगडत गेली. ही भाषा कानाची आहे, म्हणून ती कानानं वाचावी. मोठ्यानं वाचा. दहावीतल्या मुलालाही वाचून दाखवा, तो मोठा झालाय म्हणून थांबू नका.

त्या ‘गोतावळा’त शेतावर ट्रॅक्टर येतो आणि नारबाची जनावरं एकेक करून जातात. मामांना एवढंच सांगितलं तर म्हणाले, “आमच्या गल्लीतबी असंच झालं, आणा ते बुक.”

तर आज संध्याकाळी धारा झाल्या की गंगावेशीत पहिली पानं आहेत. बसायला पायरी आहे, ऐकायला यायचं असेल तर या. नमस्कार.