कॉलेजात की युनिव्हर्सिटीत?

श्रोतेहो, नमस्कार.

हार्वर्ड विद्यापीठात पदवीचे शिक्षण घेणारा अमेरिकन तरुणही ‘मी कॉलेजात आहे’ असेच सांगतो, आणि त्यात विनयाचा भाग नसतो. शाळा संपल्यानंतरच्या पदवी-शिक्षणाला अमेरिकेत सरसकट कॉलेज म्हणतात, मग संस्थेच्या पाटीवर काहीही लिहिलेले असो. पाटीवर तर विसंबूच नये. १७६९ साली स्थापन झालेले डार्टमथ कॉलेज पीएच.डी.सुद्धा देते, तरी त्याने जुने नाव सोडलेले नाही. आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालवणारी गावोगावची कम्युनिटी कॉलेजेही कॉलेजेच.

इंग्लंडमध्ये मात्र सतरा वर्षांचा मुलगा कॉलेजात जातो असे कळले, तर तो ए-लेव्हलचा अभ्यास करत असेल किंवा प्लंबिंगसारखे एखादे काम शिकत असेल, असे समजावे. आपल्या अकरावी-बारावीच्या ज्युनिअर कॉलेजशी हा अर्थ बराच जुळतो. पदवीसाठी जाणारे विद्यार्थी तिथे ‘युनी’ला जातात. एटन कॉलेज ही तर चक्क मुलांची शाळा आहे.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील व्यवस्था आणखी निराळी. तिथे पदवीच्या विद्यार्थ्याला प्रवेश कॉलेज देते, त्याच्या राहण्या-जेवण्याची सोय बहुधा कॉलेजच करते आणि दोघातिघांना समोर बसवून शिकवण्याची व्यवस्थाही तेच लावते. परीक्षा आणि पदवी मात्र विद्यापीठाची. लंडन विद्यापीठ १८३६ साली स्थापन झाले ते शिकवण्यासाठी नव्हे, तर कॉलेजांत शिकलेल्यांची परीक्षा घेऊन पदवी देण्यासाठी, आणि हाच साचा १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठासाठी उचलला गेला. त्यामुळे कॉलेज म्हणजे विद्यापीठाचे लेकरू, असे आपल्याला वाटते. एल्फिन्स्टन आणि विल्सन ही कॉलेजे मात्र विद्यापीठाच्या आधीपासून मुंबईत होती, म्हणजे इथे लेकरे आईपेक्षा वयाने मोठी!

कॅनडात या फरकाला व्यवहारात फार वजन आहे. तिथे कॉलेज म्हणजे मुख्यतः डिप्लोमा आणि व्यवसायशिक्षण, तर युनिव्हर्सिटी म्हणजे पदवी. काही कॉलेजे ठरावीक विषयांत पदवीही देतात, पण तो अपवाद. तेव्हा टोरांटोकडे निघालेल्या मुलामुलींच्या पालकांनी प्रवेशपत्रावरील संस्थेच्या नावापेक्षा अभ्यासक्रमाच्या शेवटी हाती काय पडणार, पदवी की डिप्लोमा, ही ओळ आधी वाचावी.