डाउनलोड फुकट, वापर विकत

ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीकडून येणाऱ्या ईमेलची भाषा सौम्य असते. तुमच्या कंपनीतल्या जावाच्या वापराविषयी बोलायचं आहे, थोडा वेळ द्याल का, इतकंच. वाचणारा गोंधळतो. जावा? अनेक प्रोग्राम चालायला लागणारं ते सॉफ्टवेअर? ते तर फुकट आहे ना?

बरीच वर्षं तसंच होतं. सन मायक्रोसिस्टम्सने १९९५ साली जावा आणलं, २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली, तरी ऑफिसातल्या साध्या संगणकावर जावा बसवायला कोणी पैसे मागत नव्हतं. मग आला १६ एप्रिल २०१९. जावा ८ चं अपडेट २०२ जुन्या परवान्याखाली होतं, त्या दिवशी आलेलं अपडेट २११ नव्या परवान्याखाली. घरी वापरायला मोफत, कंपनीच्या रोजच्या कामाला पैसे. ओरॅकलने हे आधी जाहीर केलं होतं, हे खरं. पण घोषणा वाचणारा एक आणि अपडेटचं बटण दाबणारा दुसरा. सुरक्षेसाठी अपडेट करत राहा, असं ज्याला वर्षानुवर्षं सांगितलं, त्याने सांगितलेलंच केलं.

पावणेचार वर्षांनी मोजमापच बदललं. जानेवारी २०२३ पासून नव्या दरपत्रकात जावा किती संगणकांवर आहे हे मोजत नाहीत, कंपनीत माणसं किती ते मोजतात. हजाराच्या आत असतील तर दरमाणशी महिन्याला १५ डॉलर. अर्धवेळ, हंगामी, कंपनीसाठी राबणारे कंत्राटी, सगळे धरून. समजा कंपनीत २०० जण आहेत आणि जावा फक्त दोन संगणकांवर आहे. दरपत्रकाप्रमाणे वर्षाचे ३६,००० डॉलर. ज्याच्या कामाला संगणक लागतच नाही, त्याच्या नावाचेही पैसे यात आले. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने मोबदला मागावा, तो त्याचा हक्कच आहे. पण ही मोजणी आम्हाला न्याय्य वाटत नाही.

ओरॅकलचंच व्हर्च्युअलबॉक्स बघा, एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम. मूळ प्रोग्राम ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड सर्वांना खुला, कंपन्यांनाही मोफत. त्याच पानावर जादा सोयी देणारा एक्स्टेंशन पॅक, तोही सहज उतरवता येतो. त्याचा मोफत परवाना मात्र वैयक्तिक वापर, शिक्षण आणि चाचणीपुरता. कंपनीच्या इंटरनेटवरून तो उतरवला की आयपी पत्त्याची, म्हणजे त्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकाची, नोंद राहते, आणि अशा नोंदी धरून कंपन्यांकडे विचारणा झाली आहे.

आणि रीतसर पैसे भरणारेही सुटत नाहीत. मद्य बनवणाऱ्या डियाजिओने एसएपीला, कंपन्यांचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला, परवान्यांपोटी कोट्यवधी पौंड दिले होते. पुढे तिने सेल्सफोर्स या दुसऱ्या कंपनीच्या ऑनलाइन सॉफ्टवेअरवर अशी सोय केली की ग्राहक आपली ऑर्डर स्वतःच नोंदवतील. ती ऑर्डर मागे एसएपीमध्ये जायची. मग हे ग्राहकही आमचे वापरकर्तेच, असं एसएपी म्हणाली आणि ५ कोटी ४० लाख पौंडांहून जास्त मागितले. फेब्रुवारी २०१७ मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टाने परवान्याच्या मुद्द्यावर एसएपीची बाजू उचलून धरली. रक्कम किती, हे त्या निकालात ठरलं नाही.

असं पत्र आलं तर घाईने उत्तर देऊ नका, फोनवर तर नकोच. संगणकांची यादी सहज म्हणून देऊन टाकली की मागणीला आधार आपणच पुरवतो. आधी स्वतः शोधा: कुठे, कोणती आवृत्ती, कधीपासून. कधीकधी जावा दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामसोबत आलेलं असतं आणि त्याचा परवाना त्या विक्रेत्याने घेतलेला असतो. ओपनजेडीके म्हणजे जावाचं ओपन सोर्स रूप; त्यावर बांधलेलं टेमुरिन कंपन्यांनाही मोफत आहे, बहुतेक कामं त्यावर तशीच चालतात. जुनं जावा काढल्याने मागच्या वापराचा प्रश्न मात्र आपोआप मिटत नाही. तिथे करार वाचणारा वकील लागतो.

जावा १७ ही आवृत्ती आली सप्टेंबर २०२१ मध्ये, तीही कंपन्यांना मोफत. सप्टेंबर २०२४ नंतरची तिची अपडेट्स पुन्हा पैशांच्या परवान्याखाली गेली. जावा २१ साठी ओरॅकलने सांगितलेली मुदत आहे सप्टेंबर २०२६. तुमच्या कंपनीत ते असेल, तर ही तारीख बटण दाबणाऱ्या प्रत्येकाला आजच कळवा.